अंतूरच्या वाटेवर लाल इरकल

२ नोव्हेंबर, रविवार

गुडघा फुटला! डावा. परीतलावाच्या वरचा सगळा उतार सायकलवर झोकात उतरले आणि खाली सपाटीला येऊन आपटले. जिथं पडायचं काही कारणच नव्हतं, तिथं! संघपाल म्हणाला, "ताई, वाघ मारला अन् शेळीला भ्यालात." सायकलचं दुकान त्याचं उस्मानपुऱ्यात, पण जीभ सगळ्या शहरात फिरते.

चिन्मय मागून आला. म्हणजे चालत आला, सायकल हातात धरून. माझा नवरा चढाला बोकड आणि उताराला आजोबा. चढावर मला धाप लागली की वरून ओरडतो, "श्वासाकडं लक्ष दे!" आणि उतार आला की खाली उतरून चालायला लागतो. "गुडघे पुन्हा मिळत नाहीत," म्हणतो. कॉलेजात पोरांना गणित शिकवतो ना, सगळ्याचा हिशेब आधी. आज माझाच गुडघा फुटला, तर एक टोमणा मारला नाही. बाटलीतल्या पाण्यानं जखम धुतली, रुमाल बांधला आणि मेथीची दशमी पुढं केली. रागवावं तरी कसं या माणसावर?

पण रागावले. दुपारी.

सुलीभंजनच्या देवळाच्या कट्ट्यावर बसून त्यानं सगळ्या ग्रुपला मोबाईलवर नकाशा दाखवला. डिसेंबरातली मोठी राइड. पहिल्या दिवशी हर्सूल तलाव, देवगिरी, खुलताबाद आणि हा परीतलाव. दुसऱ्या दिवशी कन्नडहून गौताळ्याचं जंगल, आतला तलाव, आणि शेवटाला अंतूर किल्ला. तळी, झाडी, डोंगर, किल्ले — सगळे खूश! शिट्ट्या काय, टाळ्या काय.

अंतूर! त्या बुरुजावरून खाली थुंकलं तर माझ्या बापाच्या रानात पडंल. हे चिन्मयला माहीत नाही असं थोडंच आहे?

घरी येईपर्यंत तोंड उघडलं नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

आजही बोलले नाही. डबा मात्र दिला. कारल्याची भाजी. त्याला आवडत नाही ती.

५ नोव्हेंबर, बुधवार

कंपनीच्या बसमध्ये लिहितेय, वाळूजपर्यंत तेवढाच वेळ. अक्षर कोंबडीच्या पायाचं येतंय, येऊ दे.

काल संध्याकाळी बोललो एकदाचे.

"तू मुद्दाम केलंस," मी म्हणलं.

"हो," तो म्हणाला.

बस्स, हो! माणूस सरळ हो म्हणाला की भांडायचं कुणाशी? मग म्हणाला, "अगं, गावात नाही जायचं. किल्ला जंगलाच्या हद्दीत, गाव खाली राहतं. वरून नुसतं बघ तरी. सात वर्षं झाली, तू त्या दिशेला मानसुद्धा वळवत नाहीस."

खरंय. आमचं रजिस्टर लग्न झालं, त्याच दिवशी दोघं गावी गेलो होतो, पाया पडायला. नाना — माझे वडील, गावचे नानासाहेब — शिवेवरच्या मारुतीपाशी उभे होते. चिन्मयकडं बघितलं पण नाही. मला म्हणाले, "पुन्हा या शिवेत पाय टाकायचा नाय." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. जात वेगळी, हे होतंच. पण त्यांना खरं लागलं ते न विचारल्याचं. आणि विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. दोन्हीकडून आड आणि विहीर.

तिथूनच माघारी फिरलो. मारुतीच्या पुढं एक पाऊल टाकलं नाही मी. बापाची पोरगी आहे, हट्टात काय कमी?

आई चोरून फोन करते, नाना मोटार सुरू करायला रानात गेले की, शेजारणीच्या फोनवरून. "जेवलीस का? जावई बरे हाईत का?" एवढंच विचारते आणि मग नुसती श्वास घेत बसते. मला तेवढंही पुरतं.

बस आली कंपनीत.

९ नोव्हेंबर, रविवार

आज देवगिरी. किल्ला उजव्या हाताला ठेवून मागच्या टेकड्यांतली कच्ची वाट धरली. मुरूम, दगडगोटे, मधेच बाभळीचा काटा. संघपालचं पंक्चर! सायकलवाल्याचंच पंक्चर! अख्ख्या ग्रुपनं त्याला घेरून उभ्या उभ्या सल्ले दिले. "आरे यारो, मेरेकूच सिखाते क्या?" म्हणून वैतागला. लई मजा आली.

परतताना रस्त्यावर सीताफळाच्या पाट्या. चिन्मयनं एवढी घेतली की पाठीवरची पिशवी फुटायची वेळ. बिया मोजून एका कागदात बांधतो आणि टेकडीवर टाकतो. म्हणे उगवतील. उगवू देत बाबा.

पण लिहायचं ते वेगळंच. आज मी त्याला उतार शिकवला. सायकलवरून उतरू दिलं नाही. मी मागून पळत होते, सीट धरून, आणि ओरडत होते, "पाय टेकू नको! टेकला की पडलास! मार पायडल!" आणि ओरडता ओरडता एकदम गप्प झाले. तो आवाज माझा नव्हता, नानांचा होता.

शाळा शेजारच्या गावात, वाट जंगलातली. पोरींची नावं सातवीनंतर कमी व्हायची. नानांनी त्यांची उंच सायकल काढली. माझा पाय पुरंना, म्हणून कैची मारायला शिकवली, नळीखालून पाय घालून. धोतराचा सोगा खोचून मागून पळायचे. "पाय टेकू नको, माय! म्या हाय मागं!" पारावरची माणसं हसायची. पोरीला सायकल शिकवतंय येडं! नाना पळता पळता त्यांनाही उत्तर द्यायचे, "तुमच्या पोरी चूल फुकतीन, माझी इंजिनेर व्हईल!" झाले मी. डिप्लोमा, वाळूज, क्वालिटी खातं. सगळं त्या सायकलीवरून.

एकदा मागं वळून बघितलं तर नाना लांब उभे. सीट कधीच सोडली होती त्यांनी. मी एकटीच चालले होते.

चिन्मय आज तळापर्यंत न उतरता गेला. खाली जाऊन हात वर केले आणि मग पडला. गाढव! जीव जडलाय माझा या गाढवावर.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज घरात तांडव. मीच केलं.

झालं असं, की वनखात्याची परवानगी आली, पण अट घालून. जंगलात प्लास्टिकच्या पट्ट्या बांधायच्या नाहीत, झाडा-दगडाला रंग फासायचा नाही. मग वळणं कशी दाखवायची? चिन्मय म्हणाला, "सुती कापड चालेल. लाल हवं, लांबून दिसेल. जुनं काही आहे का गं?"

एवढं विचारून थांबला असता तर ठीक. पण पुढं म्हणाला, "त्या ट्रंकेतली लाल साडी? तू ती कधी नेसत नाहीस..."

ती इरकल! लाल, पिवळा रुईफुली काठ. लग्नाच्या आधीच्या पंचमीला नानांनी आणलेली. बाकी लुगडी आई घ्यायची, ही एकटी नानांनी दुकानात बसून स्वतः निवडलेली. सात वर्षं घडी मोडली नाही. नेसणार कुठं, दाखवणार कुणाला?

डोकंच फिरलं माझं. म्हणलं, "घे! घे की! त्यांना मी नको, मग मला त्यांचं लुगडं कशाला?" कात्री घेतली आणि टराटरा... चिन्मय हात धरायला आला तर त्यालाही कात्री दाखवली. त्याला वाटत होतं मी त्याच्यावर चिडलेय. तसं नव्हतं. कुणावर चिडले होते ते कात्रीलाही माहीत नव्हतं.

सगळी फाडून झाल्यावर चिंध्यांच्या ढिगात बसून रडले. चिन्मय शेजारी बसला. थोड्या वेळानं एकेक चिंधी सरळ करून घड्या घालायला लागला.

१६ नोव्हेंबर, रविवार

गेले. अंतूरला गेले मी!

कन्नडपर्यंत संघपालच्या गाडीत सायकली टाकून. पुढं जंगल. सागाची पानं वाळून पडलेली, चाकाखाली कुरकुरतात. तलावावर धुकं होतं अजून. माकडांनी चिन्मयची दशमी पळवली, डब्यासकट! तो त्यांच्याशी शुद्ध भाषेत वाद घालत होता. "अहो, डबा तरी द्या!" संघपाल हसून हसून आडवा.

चिंध्या बांधत गेलो. चिन्मयचा नियम सोपा: गाठीचं शेपूट ज्या बाजूला लोंबतंय, त्या बाजूला वळायचं. एका झाडावर एकच चिंधी. मी बांधत नव्हते, नुसती काढून देत होते. प्रत्येक चिंधीला काठाचा एक तुकडा. नकळत तशीच फाडली होती मी.

किल्ल्याच्या अलीकडं फाट्यावर तो उभा दगड लागला. जुना, निजामशाहीतला म्हणतात, फारसी अक्षरं कोरलेली. कुठली वाट कुठं जाते ते लिहिलंय म्हणे. लहानपणी आम्ही पोरं त्याला वाटसांग्या म्हणायचो. दगडापासून डावीकडं किल्ला, उजवीकडं खाली आमचं गाव. चिन्मयनं शेजारच्या अंजनाच्या झाडाला चिंधी बांधली, शेपूट डावीकडं. मी उजवीकडं बघितलं नाही.

बुरुजावरून मात्र बघितलं. चिन्मय आणि संघपाल मुद्दाम लांब जाऊन तोफेच्या जागेवर काहीतरी शोधत बसले, मला कळत नाही का! खाली आमचं रान. अद्रकीचं हिरवं, त्याच्या कडंला घरापुरती ज्वारी. गोठ्यावर नवे पत्रे टाकलेत. बांधावर पांढरं काहीतरी हलत होतं. माणूस असंल, नाहीतर खताची गोणी असंल.

बराच वेळ बघत होते. गोणी असती तर एवढी हलली नसती.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आईचा फोन. आणि आज चक्क बोलत होती!

"आगं, डोंगरावर देवी उगवलीय म्हणं!"

"काय?"

"व्हय तर! लाकडाला गेलेल्या बाया बघून आल्या. झाडाझाडाला लाल वस्त्र बांधलंय. कुणी बांधलं ठाव नाय. रातोरात! आता समदं गाव निघालंय नवस बोलाया."

माझ्या हातातला चहा सांडला. अरे देवा! लाल कापड, झाडाला गाठ. हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही? गणिताचा मास्तर, इंजिनीअर, सायकलवाला — तीन शहाणे, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की आपल्या मुलखात झाडाला लाल चिंधी बांधली की काय होतं! मी त्याच गावची, मला तर जोड्यानं मारायला पाहिजे.

"म्या बी गेलते," आई म्हणाली. "गुडघं दुखत व्हतं तरी गेलते. त्या लिवलेल्या दगडापाशी नारळ फोडला. चोळीचा खण बांधून आले."

"काय मागितलंस?"

बारीक आवाजात म्हणाली, "लेक घरी येऊ दे म्हणलं. आन् काय मागू?"

आता हिला कसं सांगू, की ज्या देवीला तू नवस बोललीस ती म्हणजे माझं फाडलेलं लुगडं!

२३ नोव्हेंबर, रविवार

मला ड्यूटी होती. चिन्मय आणि संघपाल खुणा बघायला गेले आणि जंगलात हरवले! दुपारभर! प्रत्येक झाडाला लाल चिंधी, हिरवी चोळी, नाडे, बांगड्या. गाठींची शेपटं चारी दिशांना. चिन्मय नियम पाळत पाळत त्याच मोहाच्या झाडापाशी पुन्हा पुन्हा येत होता. शेवटी एका म्हातारीनं वाट दाखवली, आणि वर त्यांना प्रसाद दिला. पायात सायकलचे बूट म्हणून रागावली पण.

"मानला तर देव," संघपाल म्हणाला, "नाहीतर तुमची साडी, ताई."

पोट दुखेपर्यंत हसलो तिघं. किती दिवसांनी!

चिन्मय हसता हसता थांबून म्हणाला, "पण मूळच्या चिंध्या कमी वाटल्या गं. त्या काठाच्या. कुणीतरी सोडून नेतंय."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आईचा फोन. आवाज फुटलेला.

"तुझ्या बापानं वळखलं."

काय ते विचारावं लागलं नाही.

"रानातून वर गेलते देवी बघाया. आले त्ये गप. जेवले नाय. मग म्हणाले, 'ह्यो काठ म्या निवडलेला हाय. कुणी फाडलं गं हे?' तू फाडलंस व्हय, बाई?"

"हो. एकवीस डिसेंबरला सायकलींनी किल्ल्यावर यायचंय, त्याच्या खुणा."

"आरं देवा... आता रोज उठून डोंगरावर जात्यात. एकेक चिंधी सोडून आणत्यात. इहिरीवर धुत्यात. पिशवीत घालून ठेवल्यात, मला हात लावू देत नाय."

"काही बोलले का?"

"बोलतंय कुठं ते माणूस!" मग एकदम म्हणाली, "म्हंजी म्या तुझ्याच लुगड्याला नारळ फोडला का गं?" आणि हसली. हसता हसता रडायला लागली. "ऱ्हाऊ दे. नवस त्यो नवस. मागं घ्याचा नाय."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

संपलं. निदान ती घडी तरी होती ट्रंकेत. तीही मीच फाडली आणि त्यांच्या डोळ्यांसमोर टांगली.

३० नोव्हेंबर, रविवार

राइडला गेले नाही. अंथरुणातून उठलेच नाही. चिन्मय पण गेला नाही. साबुदाण्याची खिचडी केली त्यानं, चिखल झाला होता नुसता. सगळी खाल्ली मी.

तो म्हणाला, "अंतूर रद्द करू. राइड गौताळ्याच्या तलावापाशी संपवू. चूक माझी आहे."

मी भिंतीकडं तोंड करून पडले. पण डोळ्यांसमोर एकच: नाना विहिरीवर बसून चिंध्या धुतायत. ज्यानं टाकून द्यायचं तो धुतो कशाला?

७ डिसेंबर, रविवार

संघपालच्या दुकानात गेले, ब्रेकच्या तारा बदलायला. तिथंच सगळं सांगून टाकलं. तोंडात स्क्रू धरून ऐकत होता.

मग स्क्रू काढून म्हणाला, "ताई, नाना काय म्हणले व्हते? शिवेत पाय टाकायचा नाय. मग नका ना टाकू! पायडलवर ठेवा. सायकलवाल्याचा पाय जमिनीला लागतोच कुठं?"

"गप रे," म्हणलं. पण हसू आलं.

घरी येऊन चिन्मयला सांगितलं, अंतूर ठेव. गावात जाणार नाही, पण बुरुजावर जाणार. बघायला काय कुणाची परवानगी लागते? त्यांनी माझ्याकडं पाठ केली असंल, मी नाही करणार.

चिन्मयनं मला जवळ घेतलं आणि म्हणाला, "चिंध्या नकोत पण आता. मोबाईलच्या नकाशावर चालू." शहाणा झाला.

१७ डिसेंबर, बुधवार

आईचा फोन नाही. दोन आठवडे होऊन गेले. शेजारीण उचलते आणि म्हणते, "मामी रानात हायेत." ज्वारी निसवलीय, हुरड्याचे दिवस, कामं असतील. का नानांना फोनचं कळलं? कंपनीत मापं घेताना दोनदा चुकले. साहेबांनी विचारलं, तब्येत बरी का? बरी, म्हणलं.

२० डिसेंबर, शनिवार

पहिला दिवस पार! हर्सूल, देवगिरी, खुलताबाद, परीतलाव. पाय भरून आलेत. परीतलावाच्या त्याच सपाटीवर चिन्मय म्हणाला, "इथं शेळीला सांभाळून," आणि मी त्याला पाण्याची बाटली फेकून मारली.

कन्नडला मुक्काम. इथली हवा वेगळी लागते मला. बाकीच्यांना नाही लागत.

२१ डिसेंबर, रविवार

आजच लिहितेय, नाहीतर उद्या वाटंल स्वप्न पडलं.

सकाळी निघालो. तलावापाशी चहा झाला. पुढं साग, मग चढ. चिन्मय पुढं, मी मधे, बाकी ग्रुप मागं. गावच्या बायांच्या चोळ्या-नाडे झाडांवर तसेच होते. माझ्या इरकलीची मात्र एक चिंधी नाही. एक पण नाही! झाडं बघत बघत चालले होते. वाटलं, चला, खरंच पुसून टाकलं नानांनी. पायडल जड झालं.

वाटसांग्या दगडापाशी चिन्मय थांबलेला. सायकल आडवी टाकून. मोबाईलकडं बघत नव्हता. अंजनाच्या झाडाकडं बघत होता.

चिंधी. लाल, स्वच्छ धुतलेली, रुईफुली काठ वर केलेला. आणि शेपूट उजवीकडं!

"तू बांधलीस?" मी विचारलं.

"नाही गं. मी सुटी गाठ मारतो, ओढली की निघते. ही बघ."

बघितली. बोट लावलं. ती गाठ मी ओळखते. गोठ्यात बैलाच्या दाव्याला नाना मारायचे ती. ओढली की आणखी आवळते, बैलानं हिसका दिला तरी सुटत नाही. अख्ख्या गावात तशी गाठ एकच माणूस मारतो.

उजवीकडं बघितलं. सात वर्षांत पहिल्यांदा त्या वाटेकडं नीट बघितलं. खाली दुसरी चिंधी. तिच्या खाली बोरीला तिसरी. वळणावर आणखी एक. सगळी वाटच लाल. शेपटं सगळी एकाच बाजूला, उताराच्या. चिन्मयचा नियम त्यांना कुणी सांगितला? कुणी नाही. डोंगरावर रोज जाऊन, गाठी बघून बघून, वाटा पडताळून त्यांनी तो स्वतः शोधला असणार. देवी-बिवी काही मानत नाहीत नाना. कुठल्या तरी माणसानं कुठल्या तरी माणसासाठी बांधलंय, एवढं त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असंल.

मागून ग्रुप आला. संघपालनं चिंधी बघितली, मला बघितलं, आणि सगळ्यांना डावीकडं हाकललं. "चला, चला, किल्ला इकडं! ताईंचं काम हाय जरा!" जाता जाता माझ्या मागच्या चाकाची हवा बोटानं दाबून बघितली. "पायडलवर, ताई," म्हणाला. त्याचे पण डोळे भरले होते, लपवत होता येडा.

"मी येऊ?" चिन्मयनं विचारलं.

"न विचारता यायचं," म्हणलं. "तू जावई आहेस."

आणि हँडल उजवीकडं वळवलं.

पुढचं आज लिहवत नाही.

२२ डिसेंबर, सोमवार

उतार सगळा एका दमात उतरले. चिन्मय वर कुठंतरी, सायकल हातात धरून चालतच येत होता. शिवेवरच्या मारुतीपाशी शेवटची चिंधी, आणि तिच्या शेजारी नाना. तिथंच, जिथं त्या दिवशी उभे होते. मिशा सगळ्या पांढऱ्या झाल्यात. हातात हुरड्याची कणसं.

ब्रेक दाबला. सायकल शिवेच्या दगडापाशी थांबली. पाय पायडलवरच. टेकवायचा नव्हता, सांगितलेलं होतं ना! हँडल इकडं हललं, तिकडं हललं. तोल चालला होता. नाना बघत होते. कणसं खाली टाकली त्यांनी, पुढं आले आणि मागून सीट धरली.

"टेक पाय, माय," म्हणाले. "पडशील."

टेकला.